दाताखालची सरकी

मागच्या वर्षी महिला दिनाला तालुक्याच्या गावी माझा सत्कार झाला. शाल आली, नारळ आला, आणि सूत्रसंचालन करणाऱ्या एका तरुण मुलीनं माइकवर सांगून टाकलं, "बाई पहिल्यापासूनच निर्भीड होत्या." मी स्टेजवर बसून हसले आणि मनातल्या मनात म्हटलं, पोरी, तुला हे सांगितलं कोणी? कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर म्हणजे पुरुषच, अशा काळात मी ग्रेडर झाले, हे खरं. पुढे कितीतरी हंगाम बंड्यांच्या, म्हणजे बैलगाड्यांच्या, रांगेपुढं उभी राहिले, हेही खरं. पण निर्भीड? चोवीस वर्षांची होईपर्यंत एसटीत माझा थांबा मागे गेला तरी मी कंडक्टरला "थांबवा" म्हणायची नाही. पुढच्या फाट्यावर चारजण उतरायचे, त्यांच्या मागं उतरायची आणि उन्हात चालत परत यायची. घरी विचारलं तर सांगायची, गाडीच उशिरा आली. सत्काराच्या भाषणाला पाच मिनिटं होती, त्यात हे सांगणं जमलं नाही. इथं कोणी घड्याळ लावलेलं नाही, म्हणून सांगते.

आम्ही जिनिंगच्या आवारात राहायचो. गावाचं नाव लिहीत नाही. माणसं अजून आहेत, त्यांची लेकरं आहेत. यवतमाळहून एसटीनं दीड तास, एवढं पुरे. बाबा जिनिंगचे चौकीदार, म्हणून फाटकाजवळच्या दोन खोल्या आम्हाला मिळालेल्या. हंगाम लागला की दिवाळीपासून होळीच्या पुढेपर्यंत यंत्रांची घरघर चालू. तिच्यावरून आम्ही बोलायचो, म्हणजे ओरडायचोच. पाहुणे आले की त्यांना वाटायचं घरात भांडण चाललंय. सरकीपासून वेगळी झालेली रुई हवेत तरंगायची आणि जिथं जागा मिळेल तिथं बसायची. मायच्या भुवयांवर, खाटेच्या सुंभात, भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीवर. माय पातेल्यांवर ओला फडका टाकून ठेवायची, तरी चुनाच्या, म्हणजे आमच्याकडच्या पिठल्याच्या, घासात एखादा तंतू निघायचाच. बाबा तो जिभेवरून काढून उजेडात धरायचे आणि म्हणायचे, "लांब धाग्याचा दिसते आज." मग माय म्हणायची, "गुमान जेवा." हिवाळ्यात तुरीच्या सोल्यांची भाजी, ज्वारीची भाकर, जवसाची चटणी. रविवारी वांग्याचं भरीत आणि वर हिरव्या कांद्याची पात. यंत्र बंद पडलं की आमचे कान दुखायचे. मार्च संपून सगळं चिडीचूप झालं की मला चार-पाच दिवस झोप लागत नसे.

माय त्याच आवारात कामाला होती. टिनाच्या शेडखाली वीस-पंचवीस बाया रांगेनं बसायच्या आणि कापसातली कवडी वेचायच्या. कवडी म्हणजे किडका, चिकटलेला, पिवळा पडलेला कापूस. चांगल्यात तो गेला की सगळ्या गाठीची इज्जत जाते. शाळेतून आले की मी मायजवळ जाऊन बसायची. ती बोटं थांबवायची नाही, पण शिकवत राहायची. चिमूटभर कापूस घेऊन दोन अंगठ्यांमध्ये हळूहळू ओढायचा, धागे सरळ होतात, मग लांबी दिसते. मूठ घट्ट आवळून सोडायची. कोरडा कापूस फुलून वर येतो, ओला तसाच गोळा होऊन पडून राहतो. आणि तरीही शंका असली तर सरकी दाताखाली घालायची. "कट्टकन वाजली पाह्यजे," माय म्हणायची. "दबली तं समज वल्ली हाय. कापूस वरून खोटं बोलते, सरकी बोलत नाही." मी दहा वर्षांची असेन. दिवसाला पन्नास सरक्या चावायची, दात आंबायचे. मायला अक्षरओळख नव्हती, पण तिच्यासमोरून गेलेली बंडी काळ्या मातीच्या रानातली की बरड रानातली, हे ती मूठ पाहून सांगायची. तिला विचारायला मात्र कोणी येत नसे. ती रोजानं होती.

शिकण्याला आमच्या घरात ना नव्हती. आज्यानं फुलसावंगीला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच ठरवून टाकलेलं, की पोट्टे शिकतील आणि पोट्ट्याही शिकतील. मी यवतमाळला मावशीकडं राहून बी.कॉम. केलं आणि परत आले, तर आमच्याच आवारात कापूस खरेदी केंद्राला लेखनिक हवा होता. मला ती नोकरी लागली. बाबांनी त्या दिवशी विहारात पेढे वाटले. आमच्या वस्तीतली पहिली पोट्टी खुर्चीवर बसली होती. खुर्ची म्हणजे लोखंडी घडीची, एका पायाला दोरी बांधलेली, पण खुर्ची.

कामाची रीत अशी होती. बंडी रांगेत पुढं आली की ग्रेडर तिच्यापाशी जायचा, कोपरापर्यंत हात खुपसायचा, वरचा, मधला, खालचा असा तीन जागचा कापूस काढायचा, पाहायचा आणि मोठ्यानं प्रत सांगायचा. सुपर. फेअर. किंवा परत. मी बंडीच्या दुसऱ्या अंगाला पॅड घेऊन उभी. साहेब बोलला की कार्बन ठेवून चिठ्ठी लिहायची, खाली लेखनिक म्हणून सही करायची आणि चिठ्ठी बंडीवाल्याच्या हातात द्यायची. मग बंडी काट्यावर जायची. आमचे ग्रेडर गुल्हाने साहेब. पन्नाशी पार केलेले, अंगठ्यांना कापूस ओढून ओढून गुळगुळीतपणा आलेला, मनानं चांगले. मला कधी "ए" म्हटलं नाही. "रत्ना, लिही पोरी," एवढंच म्हणायचे. उभं राहून माझे पाय भरून आले की स्वतःच्या चहातला अर्धा बशीत ओतून द्यायचे. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढं जे झालं त्यात कोणी खलनायक शोधायला गेलं तर सापडायचा नाही. मला कोणी दाबलं असतं तर बरं झालं असतं असं कधी कधी वाटतं. निदान चिडायला माणूस तरी मिळाला असता.

साहेब हात खुपसायचे त्याच वेळी माझाही हात आपसूक बंडीत जायचा. ते बोलायच्या आत माझ्या मनात प्रत आलेली असायची. बहुतेक वेळा आमचं जुळायचं. जुळलं की मला वाटायचं, योगायोग. नाही जुळलं की वाटायचं, आपलंच चुकलं. पाहा बरं हा हिशेब! बरोबर असले तर नशीब आणि वेगळी असले तर मूर्ख. अशा तराजूत कोणती पोरगी कधी भरणार होती? तीन हंगाम मी असे काढले. दर बंडीला एकदा मनात बोलायची आणि तोंडानं गप्प राहायची. आज त्या रत्नाची आठवण आली की दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात.

आणि ते दिवसही काही साधे नव्हते. बोंडअळीनं रानं पोखरलेली, कापूस कवडीनं भरलेला, भाव पडलेला, केंद्र कधी उघडं तर कधी "जागा नाही" म्हणून चार-चार दिवस बंद. फाटकाबाहेर बंड्यांची रांग पार नाल्यापर्यंत जायची. माणसं बंडीखाली झोपायची, बैल तिथंच वैरण खायचे. इतका ताटकळून आलेला माणूस "फेअर" ऐकला की पेटायचा. एकदा साहेबांच्या अंगावर दगड आला. त्यामुळं प्रत सांगणं म्हणजे तोंड उघडून भांडण घरी आणणं झालं होतं. मी स्वतःला समजवायची, बरं आहे, आपण नुसतं लिहितो.

त्याच हिवाळ्यात वरच्या कार्यालयातून एक पत्रक आलं. ग्रेडरच्या प्रशिक्षणासाठी केंद्रातल्या पदवीधर कर्मचाऱ्यांनी अर्ज करावेत. आमच्या केंद्रात पदवीधर दोघंच. एक मोठे बाबू, म्हणजे आमचे हेडक्लार्क. त्यांच्या घरात तीन पिढ्या कचेरीच्या, त्यांना धुळीत उभं राहायची हौस नव्हती. दुसरी मी. बाई चालणार नाही असं पत्रकात कुठंच नव्हतं. मी ते चार वेळा वाचलं, बहुतेक तसं लिहिलेलं सापडावं या आशेनं. अर्जाचा नमुना उतरवून घेतला आणि ट्रंकेत कागदाखाली ठेवून दिला. त्यात एक रकाना होता: "कापसाच्या प्रतीबाबत ज्ञान असल्यास पुरावा." माझ्याकडं काय पुरावा? टिनाच्या शेडखाली बसणारी माय? तो रकाना बरा सापडला मला. अर्ज न भरायला एवढं कारण पुरेसं होतं. मुदत दोन महिन्यांची होती, त्यातले तीन आठवडे ट्रंकेतच गेले.

मग ती ट्रॉली आली. केंद्र तीन दिवस बंद राहून उघडलेलं, भर दुपार, रांगेत शिवीगाळ चाललेली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दोन्ही बाजूंनी फळ्या लावून गच्च भरलेला पांढराशुभ्र कापूस. साहेबांना तेव्हाच दोघं-तिघं घेरून भांडत होते. त्यांनी मान मागं वळवून भांडत भांडतच वरच्या थरातला एक मूठभर कापूस काढला. मी मागच्या फळीपाशी होते. फळीच्या फटीतून मधला कापूस बाहेर आलेला. मी तो ओढला, मूठ आवळली, सोडली. कापूस वर आला नाही. मी त्यातली सरकी काढून तोंडात टाकली. ती वाजली नाही. दबली. मधल्या थरावर पाणी मारलेलं होतं, वजनासाठी. वर आणि बाजूंना कोरडा कापूस लावून झाकलेलं. मला कळलं. अंदाज नाही, शंका नाही, कळलं. "साहेब," मी म्हटलं. त्या कालव्यात माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. आणि तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "सुपर! लिही रत्ना."

माझ्या तोंडात सरकी होती. पुढं कितीतरी दिवस मी स्वतःला हेच सांगत राहिले, की तोंडात सरकी होती म्हणून बोलता आलं नाही. मी पॅडवर "सुपर" लिहिलं, खाली सही केली. ट्रॉलीवाल्यानं चिठ्ठी घेतली आणि माझ्याकडं पाहून हसला. त्यालाही माहीत होतं, की मला माहीत आहे. ती सरकी मी केव्हा थुंकली ते आठवत नाही.

पाचव्या दिवशी दुपारच्या सुट्टीत माय पदरात काहीतरी धरून घरी आली. मी भाकर मोडत होते. तिनं पदर माझ्यासमोर उघडला. पिवळसर, चिकट, कोमट कापूस. आंबलेला वास खोलीभर पसरला. ओला कापूस गंजीत दाबला गेला की आतून तापतो. गंजी उकरली तेव्हा वाफ निघाली म्हणे. आजूबाजूचा चांगला कापूसही त्यानं नासवला होता.

"हे कोणं घेतलं?" मायनं विचारलं.

"गुल्हाने साहेबानं."

"अन तू कुठी होती?"

"तिथंच होती."

"पाह्यलं नाही तू?"

"पाह्यलं."

माय खाली बसली. "मंग?"

"माय, तोंडात सरकी होती माह्या."

मायनं माझ्याकडं असं पाहिलं की मला भाकरीचा तुकडा ताटात ठेवावा लागला. "थुकाची होती ना," ती म्हणाली आणि पदर आवरून कामावर निघून गेली.

आठवड्याच्या आत साहेबांना आणि मला दोघांनाही कारणे दाखवा नोटीस आली. चिठ्ठीवर अक्षर माझं, सही माझी. मोठ्या बाबूंनी मला टेबलाशी बोलावलं. माणूस तसा कनवाळू. त्यांनी माझं उत्तर स्वतःच टाइप करून ठेवलं होतं. "घाबरू नका बाई," ते म्हणाले. "तुमच्यावर काही येत नाही. खाली सही करा अन मोकळ्या व्हा." मी वाचलं. 'मी केवळ लेखनिक असून ग्रेडरने सांगितलेली प्रत लिहिणे एवढेच माझे काम आहे. मला कापसाच्या प्रतीचे कोणतेही ज्ञान नाही. सबब मला दोषमुक्त करावे.' किती सोपं होतं! तीन हंगाम मी स्वतःला जे सांगत आले तेच बाबूंनी शुद्ध भाषेत टाइप केलं होतं. मी म्हटलं, घरी दाखवते, उद्या सही करून आणते.

संध्याकाळी यंत्र थांबल्यावर बाबांनी कागद कंदिलाशी धरून वाचला. वीज गेलेली होती. "बराबर हाय," ते म्हणाले. "कर सही. नोकरी राह्यली पाह्यजे. किती मुश्किलीनं खुर्ची भेटली आपल्याले." माय चुलीपाशी चून घाटत होती. ती म्हणाली, "मले वाचून दाखव." मी वाचलं. तिला ती भाषा अवघड गेली, म्हणून दुसरं वाक्य मी पुन्हा सांगितलं: "मले कापसातलं काही समजत नाही, असं लिवलं हाय." माय घाटतच राहिली. मला वाटलं आता ती भडकेल, मला हिंमत देईल, काहीतरी चार मोठे शब्द बोलेल. आजकालच्या सिनेमात आया बोलतात तसे. ती चून उतरवून माझ्याकडं न पाहता म्हणाली, "कर सही. खोटं थोडीच हाय? समजत असतं तं बोलली असती."

मला राग आला. इतका राग मला आयुष्यात कोणाचा आला नव्हता. दिवसाला पन्नास सरक्या मी चावल्या त्या कशासाठी? मी ताट सरकवून दिलं आणि ओरडले, "समजते मले! तुह्याइतकंच समजते!" बाबा दचकले. यंत्र बंद होतं, त्यामुळं माझा आवाज फाटकापर्यंत गेला असणार. माय शांतपणे म्हणाली, "मले कायले सांगतं? मी थोडीच नोटीस पाठोली."

दुसऱ्या दिवशी मी बाबूंचा कागद बाजूला ठेवला आणि हातानं उत्तर लिहिलं. फार लांब नव्हतं. 'सदर ट्रॉलीतील मधला कापूस ओला असल्याचे मला सरकी चावून कळले होते. मी ते ग्रेडरना सांगितले नाही. ही माझी चूक आहे.' लिहिताना 'कळले' या शब्दावर शाई सांडली, म्हणून तो पुन्हा लिहावा लागला. बाबूंनी वाचलं आणि चष्मा काढला. "तुमचं डोकं ठिकाणावर हाय ना बाई? सुटून राह्यल्या होत्या, अन स्वतःच जाऊन फसता? कायले?" मी म्हटलं, "आवक वहीत नोंदवून घ्या."

गुल्हाने साहेबांना दुपारपर्यंत कळलं. ते काट्यामागं मला गाठून उभे राहिले. चहा नव्हता, बशी नव्हती. "सांगाचं होतं ना पोरी," ते म्हणाले. "मी काय मारलं असतं काय तुले?" त्यांचे डोळे भरून आलेले. माझ्या कागदामुळं त्यांची चूक आता पक्की झाली होती. त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या पोरीला जे कळलं ते त्यांना कळलं नाही, हे लेखी झालं होतं. मला त्यांची कीव आली आणि त्याच क्षणी चीडही आली. नसतंच मारलं त्यांनी. ऐकलंही असतं कदाचित. पण तीन वर्षांत त्यांनी एकदाही मान वळवून विचारलं नव्हतं, की रत्ना, तुला काय वाटतं? आणि मीही एकदाही सांगितलं नव्हतं. या दोन गोष्टींत कोणती जास्त वाईट, हे मला या वयातही ठरवता येत नाही. विचारणारे विचारत नाहीत आणि सांगणाऱ्या सांगत नाहीत, आणि कापूस मात्र गंजीत तापत राहतो.

चौकशीला यवतमाळहून एक अधिकारी आले. कडुनिंबाखाली टेबल मांडलं. रांगेतली माणसं, शेडमधल्या बाया, सगळे लांबून पाहत होते. अधिकारी कंटाळलेले दिसत होते. त्यांना तीनची गाडी पकडायची होती. त्यांनी माझा कागद दोन बोटांत धरून विचारलं, "सरकी चावून कळलं म्हणता. लेखनिकाला हे कोणी शिकवलं?"

"माझ्या मायनं."

"त्या काय करतात?"

"कवडी वेचतात. त्या तिथं."

त्यांनी शेडकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मग रांगेतल्या तीन बंड्यांमधून तीन मुठी मागवल्या आणि टेबलावर ठेवल्या. "सांगा."

पहिली मूठ मी उचलली, धागा ओढला, आवळून पाहिली. "सुपर," मी म्हटलं आणि माझी मान आपोआप गुल्हाने साहेबांकडं वळली. "ना साहेब?"

अधिकारी वैतागले. "त्यांच्या तोंडाकडं काय पाहता? कापूस तुमच्या हातात आहे."

माझे कान तापले. दुसरी मूठ घेतली आणि खाली पाहूनच सांगितलं, "फेअर. पत्तीचा कचरा जास्त आहे." त्यांनी मान हलवली. तिसरी मूठ त्यांनी स्वतः आधी पाहिली आणि म्हणाले, "हे तर सरळ सुपर आहे, नाही का?" मी धागा ओढला. निम्मे धागे लांब निघाले, निम्मे मध्येच तुटले. परत ओढला. परत तेच. वरचा अधिकारी सुपर म्हणतोय, मागं दोनशे माणसं उभी, शेजारी साहेब मान खाली घालून. जुनी रत्ना आतून म्हणत होती, चुकत असशील तू, हो म्हण आणि सुट. मी म्हटलं, "नाही साहेब. फेअर. यात फरतड मिसळली आहे." फरतड म्हणजे कपाशीच्या झाडावरचा शेवटचा, कमजोर कापूस. माझा आवाज चिरका निघाला, पण निघाला. अधिकाऱ्यांनी मूठ परत घेतली, ओढली, बराच वेळ ओढत राहिले. गुल्हाने साहेबांनी न विचारताच हळूच हात पुढं केला, त्यातली चिमूट घेतली आणि म्हणाले, "पोरगी बराबर सांगते." अधिकाऱ्यांनी कागद आवरले आणि तीनची गाडी पकडली.

कोणाला वाटेल, आता माझ्या गळ्यात हार पडला असेल. पंधरा दिवसांनी दोन लिफाफे आले. साहेबांना नुसती तोंडी समज, कारण गर्दीत त्यांची फसवणूक झाली. मला लेखी ताकीद, सेवापुस्तकात नोंदीसह. ज्याला कळलं नाही तो सुटला आणि जिला कळलं तिला शिक्षा! मी तो कागद घेऊन फाटकाशी बाबांजवळ बसले आणि संतापानं रडले. बाबा म्हणाले, "म्हणून म्हणत होतो मी." माय शेडमधून आली, कागद उलटासुलटा पाहिला आणि म्हणाली, "वाच." मी वाचलं: 'कापसाची उत्तम पारख असूनही आपण ती वेळेवर निदर्शनास आणून दिली नाही. सबब आपणास सक्त ताकीद देण्यात येत आहे.' माय म्हणाली, "पयलं परत वाच." मी परत वाचलं. ती भाकरी टाकायला आत गेली.

प्रशिक्षणाच्या अर्जाची मुदत संपायला दोन दिवस होते. मी ट्रंकेतून नमुना काढला, भरला. पुराव्याच्या रकान्यात लिहिलं, 'प्रत सोबत जोडली आहे,' आणि ताकिदीची नक्कल टाचणीनं लावून बाबूंच्या टेबलावर ठेवली. बाबूंनी ती उलगडली आणि माझ्याकडं असं पाहिलं जसं मला ताप आलाय.

"बाई, ताकीद कोणी अर्जाले जोडते काय? हे तुमच्या विरोधातलं हाय. वरचे लोक हसतीन."

"हसू द्या. मले समजते, असं शिक्क्यानिशी लिवलेला हा एकच कागद हाय माह्यापाशी."

"पण सक्त ताकीद हाय वो बाई!"

"पयले तीन शब्द वाचा, बाबू," मी म्हटलं. "बाकीचंही खरंच हाय."